शेवटचं खाचर आधी बोलतं

प्रिय आत्या,

आज वर्गात तुझं वाक्य माझं म्हणून सांगितलं आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. भूगावला घरी पोचले तरी मन ठिकाणावर येईना, म्हणून हे पत्र. तू जाऊन वर्ष होत आलं. तू होतीस तेव्हा दोन ओळी लिहाव्यात, असं कधी सुचलं नाही.

शिकवत होते आंतरराष्ट्रीय कायदा. गुलामीतून सुटलेले देश म्हणाले, समुद्राचे, खाणींचे नियम ठरले तेव्हा आम्ही बैठकीत नव्हतो, मग ते आम्हाला का लागू? त्यांनी हट्ट धरला म्हणून कायदा थोडा तरी बदलला. मग मी ऐटीत म्हणाले, "ज्याचं खाचर पाटाच्या शेवटी, त्यानं आधी बोलावं."

आपल्या गावी, रिह्यात, पाण्याची बैठक अशीच भरायची ना? पाटाच्या तोंडाशी आमचं शेत, म्हणून बाबा शेवटी बोलायचे. तुझं भाताचं खाचर सर्वांत खाली, म्हणून पहिला शब्द तुझा. लहानपणी मला वाटायचं, आत्या गावची पुढारीच आहे.

आणि मी काय केलं? बाबा गेल्यावर ते शेत फार्महाऊसवाल्याला विकताना लिहून दिलं, की यातून कुणाचाही पाट जात नाही. सातबाऱ्यावर नोंद नव्हती, तेवढं मला पुरलं. त्यानं पाट बुजवला. पाऊस ओसरला आणि ऐन दाणा भरायच्या वेळी तुझं भात वाळलं.

तू इथं, माझ्या दारात आलीस. चहालाही बसली नाहीस.

"पाट लिवलेला नव्हता, पर व्हता ना गं? मला कुणी इचारलं?"

"आत्या, वहिवाटीचा कागद आहे का तुझ्याकडे?"

हे मी तुला विचारलं. जुन्या सत्ता नव्या देशांना हेच विचारायच्या, आणि त्यावर मी प्रबंध लिहिलाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तू भांडली का नाहीस गं? चार शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणालीस आणि जिना उतरून गेलीस.

विकलेल्या शेतालगतची पट्टी अजून माझ्या नावावर आहे. तिच्यातून नवा पाट काढायचा आणि या खेपेला नोंदवून घ्यायचा, असं माझ्या मनात आहे. रविवारी देवळात बैठक बोलावली आहे. आधी तुझी सून बोलेल, आणि ती सांगेल तसंच होईल, हा माझा शब्द. मी बाबांच्या जागी बसेन आणि सगळ्यांचं झाल्यावर एवढंच सांगेन, की मी लिहून दिलं ते खोटं होतं.

तुझी भाची,
नंदा