बूट काढणारी बाई

शनिवार, ११ जानेवारी
आणली एकदाची! चित्रं-पुतळे भाड्याने देणाऱ्या कलाघरात तासभर फिरले. डाउवे गेल्यापासून पहिल्यांदाच – आणि पहिल्यांदाच एकटीने निवडलं. नवरा चित्रकलेचा मास्तर, त्यामुळे घरात काय यायचं ते चाळीस वर्षं त्यानेच ठरवलं. गोळे, चौकोन, वाकड्या पट्ट्या. "माणसं काय, रस्त्यावर दिसतातच," म्हणायचा.

मी माणूसच आणलं. ब्रॉन्झची बाई, दीड वीत उंच, स्टुलावर बसून बूट काढतेय. चेहऱ्यापेक्षा पाठ आवडली. दिवसभर राबलेली, पण मोडलेली नाही. काउंटरवरची मारेइके म्हणाली, "हात लावून बघा की, ब्रॉन्झला काही होत नाही." मणके बोटांना लागतात. तीन महिने ठेवायची. मग मुदत वाढवायची, नाहीतर परत.

रविवार, १२ जानेवारी
कपाटावर ठेवली – फार उंच, नुसते बूटच दिसतात. जेवणाच्या टेबलावर – मध्ये येते. शेवटी खिडकीत. आमच्या गल्लीत पडदे उघडे आणि खिडकीतल्या वस्तूचं तोंड रस्त्याकडे, हे ठरलेलंच. त्यामुळे पाठ आपोआप माझ्या खुर्चीकडे आली. ऊन तिरकं आलं की एक खांदा उजळतो, दुसरा अंधारात राहतो. दुपारपर्यंत बघत बसले.

बुधवार, २२ जानेवारी
समोरचा हेत्तेमा त्याच्या खिडकीतून इकडेच बघत होता. मी मान वळवली. अकरा वर्षं बोलणं नाही. होडीचा गाडा हिवाळाभर आमच्या दारासमोर ठेवला होता त्याने. डाउवे जाऊन भांडला. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
धूळ मऊ कोरड्या फडक्याने. पाणी नाही.

रविवार, २ मार्च
माझा वाढदिवस. खुर्च्यांचं रिंगण, केक, कॉफी. नणंदबाई फ्राउके नेमक्या खिडकीसमोर. "अगं वहिनी, तुझ्याकडे येऊन आम्ही या बाईचं ढुंगण बघत बसायचं?" सगळे हसले. फ्राउकेला तेवढंच हवं होतं. "डाउवे असता तर दारातूनच परत पाठवली असती!"

मीही हसले. काय गरज होती हसायची?

शुक्रवार, ११ एप्रिल
परत करून आले. मारेइकेने विचारलं, "मुदत वाढवायची?" मी "नको" म्हणाले. रस्ताभर फ्राउकेचेच शब्द डोक्यात. खिडकी रिकामी दिसते. डाउवेचा एक पितळी गोळा ठेवून पाहिला, उचलून टाकला.

मंगळवार, १५ एप्रिल
कलाघर उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. उशीर झाला! "शनिवारीच गेली हो ती. एकांनी महिन्यापूर्वीच नाव नोंदवून ठेवलं होतं." कोण, ते सांगत नाहीत.

घरी येऊन रडले. धातूच्या बाईसाठी कोण रडतं? पण उभ्या आयुष्यात एक वस्तू माझ्या मनाने निवडली, आणि नणंदेच्या एका टोमण्यापायी हातची घालवली. राग फ्राउकेचा नाही, माझा येतो.

बुधवार, १६ एप्रिल
हेत्तेमाच्या खिडकीत आहे! तिकडे मी बघतच नाही, म्हणून आज दिसली. रिवाजाप्रमाणे तोंड रस्त्याकडे, म्हणजे माझ्याकडे. तीन महिने मी पाठ बघत होते, तेव्हा हा समोर बसून तोंड बघत होता. चोर मेला! – चोर कसला, मीच दिली ना परत.

चेहरा बरा आहे. दात-ओठ खाऊन बूट ओढतेय. पण मला पाठ हवी होती.

शनिवार, १९ एप्रिल
टपालपेटीत चिठ्ठी. "पाठ आता माझ्याकडे आहे. साडेदहाला कॉफी करतो. – हेत्तेमा."

भांडण डाउवेचं होतं. मी गेले. पाठीकडे बघत दोन कप कॉफी घेतली.