खाट रिकामी नको

सोमवार
आले एकदाची ताईकडे. दाजी अंथरुणाला खिळलेत, लघवीची नळी लावलीय. ताई एकटी किती उपसणार? म्हणाली, परक्या बाईपेक्षा तू बरी. उजेडाची खोली दिलीय, गादी नवीकोरी. इतके लाड आईनेही केले नव्हते. आता रोज लिहायचं. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

मंगळवार
नळ्या, पिशव्या, हातमोजे, सगळं विमा कंपनीच्या पैशाने येतं. खोकी छतापर्यंत रचलीत. तरी दाजींची नळी जुनाट, पिवळी पडलेली! ताईला झापलं. ती हसली. म्हणाली, कोरा माल दुकानदार हातोहात घेतो, घर त्यावरच चालतं. दाजी पुटपुटले, मला काही झालंच नव्हतं गं. ताप डोक्यात गेलाय, दुसरं काय. कपाळावर ओली पट्टी ठेवली.

गुरुवार
दाजी गेले. ताई रडली. मग नाक पुसून म्हणाली, खाट रिकामी दिसली की कंपनी खोकी बंद करते.

शनिवार
कंपनीची नर्स येणार. पेशंट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचा माल मंजूर होत नाही. ताई म्हणते, विम्यात तुझंही नाव घातलंय, घटकाभर आजारी पड. डोकं फिरलंय का, म्हटलं. पण तिचं तोंड बघवेना. घेतला चहा, झाले आडवी.

रविवार
जाग आली तर नळी आत. खरीखुरी! हिची लघवी तुंबते असं ताईनेच नर्सला सांगितलं. पाय उचलत नाहीत. शिव्या घातल्या, तर माझे केस विंचरत बसली. सख्खी बहीण!

वार कळत नाही
चहात काहीतरी घालते. थुंकला तर नाक दाबून पाजते — पिशवीत लाल उतरतंय. नळी बदल म्हटलं. म्हणाली, एवढी कोरी नळी तुझ्यावर घालवू?

ताप. वही उशीखाली —
ताई फोनवर आमच्या धाकट्या बहिणीशी बोलतेय. मधलीचं काही खरं नाही म्हणे, तू ये मदतीला —

आली धाकटी. बाहेर हसतेय. कपबशा वाजल्या. आवाज फुटत नाही माझा — ताई तिला सांगतेय, झोपलीय, उठवू नको. जागी आहे गं मी, पिऊ नको, मी जा