वरची ओळ

प्रिय भिंगरी,

तू भिंतीपलीकडे आहेस. भिंत कसली, प्लायवुडचा आडोसा. खाली चार बोटं फट आहे. तिच्यातून तुझ्या खोलीतला उजेड इकडे येतो आणि तुझ्या चपला जाताना-येताना दिसतात. तू गळा तापवते आहेस. खालून सुरू करतेस, वर जातेस, आणि एका ठरावीक जागी थांबून परत खाली येतेस. दरवाजा दोन पावलांवर आहे, तरी मी लिहीत बसले आहे. याचा तुला राग येईल. येऊ दे, पण शेवटपर्यंत वाच.

हॉलची मालकीणबाई आत्ताच येऊन गेली. आधी मी, मग तो दाढीवाला गायक, शेवटी तू, हे तिने पुन्हा सांगितलं. म्हणाली, ते तुमचं जुनं गाणं तुम्ही दोघींनीही यादीत दिलं आहे, एका कार्यक्रमात तेच गाणं दोनदा कसं चालेल, कोण गाणार ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मान हलवली. तिने तो होकार समजला की नकार, देव जाणे. जाताना दाराशी दाढीवाल्याला म्हणाली की मोठीचा भाव फारच वधारलाय. तो हसला. तुलाही ऐकू गेलं असेल. तुझ्या चपला थांबल्या होत्या.

शब्द तुझे, चाल माझी. दोघी एकत्र गात होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आज मी ते आधी गायले तर तुझ्या हातातून गेलं, आणि सोडलं तर लोक म्हणतील, धाकटीने मोठीला बाजूला सारलं. दुपारी तू स्टेजवर हे सगळं एका वाक्यात विचारलंस. पण त्याआधी जे झालं ते मला जास्त लागलं. माइक तपासायला तू तेच गाणं घेतलंस. दुसऱ्या कडव्यात जिथे मी वरच्या सुरात यायचे, तिथे गायचं थांबवलंस. गिटार चालू ठेवलीस, तोंड मिटलंस, आणि ओळ संपल्यावर पुढची उचललीस. साउंडवाला मागून ओरडला की माइक गेला का. तू म्हणालीस, "नाही. ते तसंच आहे."

मी कडेला गिटार घेऊन उभी होते. ती जागा तू कोणासाठी मोकळी ठेवतेस, की नुसती सवय आहे, हे मला कळेना. मग तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. "ताई, तू पहिली आहेस. गाणार का ते, एवढं सांग." मी वाकून खुंटी पिळायला लागले. तार सुरातच होती. तुझ्या कानाला ते कळलं, मला दिसलं. "बरं, नको बोलूस," म्हणालीस, आणि गेलीस. लहानपणी तू म्हणायचीस, ताई गप्प झाली म्हणजे समजावं झोप लागली. दुपारी मी टक्क जागी होते.

आपलं बिनसलं ते कशावरून, हे लोक मला विचारतात. मी काहीबाही सांगते. खरं ते आपल्या दोघींनाच माहीत आहे. शेवटच्या कार्यक्रमाहून परतताना गाडीत तू म्हणालीस की तुझी गाणी आली की मी आवाज चोरते. माझ्या स्वतःच्या गाण्यांत मोकळी गाते, तुझ्या गाण्यांत वर जायची वेळ आली की अंग काढून घेते. तू चुकीचं ऐकलं नव्हतंस. तुझी गाणी वर जातात, माझी जात नाहीत, इतकंच. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या पोस्टरवर तुझं एकटीचं नाव दिसलं.

तुझ्या चपला आत्ता पुन्हा थांबल्या. पेनाचा आवाज येतो का तिकडे?

आता ऐक. माझ्या स्वरयंत्रावर गाठ आहे. मंगळवारी काढणार आहेत. नंतर कुठला आवाज येईल ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. आज गाऊच नका म्हणाल्या. मी हट्ट धरला, तेव्हा म्हणाल्या, मग स्टेजवर जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजणंसुद्धा नाही, त्याने ताण जास्त पडतो. म्हणून दुपारी गप्प होते, तो अबोला नव्हता. आईला माहीत आहे. तुला सांगायचं नाही अशी शपथ मीच तिला घातली. ती म्हणते, घरात पहिल्यांदाच कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि पदराने डोळे पुसते. मालकीणबाईला कळू देऊ नकोस. या धंद्यात गळा गेल्याची बातमी गळ्याच्या आधी पोचते, आणि मग कोणी बोलवत नाही. त्यापेक्षा भाव वधारलेला बरा. माझी गिटार आज दोन स्वर खाली लावली आहे. पहिल्याच झंकाराला तुला कळेल. ते गळा वर पोचत नाही म्हणून, कोणाला वाकुल्या दाखवायला नाही.

ते गाणं मी गाणार नाही. ते तुझ्याकडे राहू दे, कार्यक्रमाच्या शेवटी. पण मोकळी जागा मोकळी ठेवू नकोस. तिथली वरची ओळ तू घे. तुझा गळा तिथे पोचतो, मी इथे बसून ऐकते आहे. तू त्या जागेच्या अलीकडे थांबतेस ते सवयीने, कारण पुढचं नेहमी माझं होतं. तू वर गेलीस तर मी कडेने आत येईन आणि खालची ओळ धरीन, तुझी जुनी. तेवढा आवाज शिल्लक आहे. तो आज चोरणार नाही. हा कागद आता फटीतून सरकवते. दार उघडून येऊ नकोस, आलीस तर मी बोलून बसेन. उत्तरही लिहू नकोस. मान्य असेल तर ती ओळ एकदा वरून गा. मी भिंतीला कान लावून बसले आहे.

तुझीच, तोंड मिटून बसलेली,
ताई