चिरंजीवांच्या गाडीवरील पिवळा पट्टा

१७ मे

ती. स्व. ताईस,

धाकट्या भावाचा सादर नमस्कार. गुडघे कसे आहेत? नव्या चष्म्यातून माझे अक्षर मोठे दिसत असेल, तर ते श्रेय चष्म्याला देऊ नकोस. मी ते मुद्दाम मोठे काढतो आहे. आमच्याकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे. माझ्या डोक्याचीही उत्तम आहे, हे वेगळे लिहिण्याची वेळ तुझ्या चिरंजीवाने आणली, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्याने तुला पाठवलेला मजकूर तू मला वाचायला दिलास, ते योग्यच केलेस. ‘मामाला वेड लागले, त्याने ड्रायव्हिंग स्कूलची गाडी विद्रूप केली आणि मंगळवारी चौकात मोठा अपघात घडवून आणला’ हे त्याचे वाक्य रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. (संपूर्ण मजकुरात असे हे एकमेव.) आशय पाहता मात्र त्यातून मामा वगळला, तर खरे काहीच उरत नाही. शिवाय मायन्यात त्याने तुला ‘तीर्थस्वरूप आई’ म्हटले आहे. आई-वडील तीर्थरूप, तीर्थस्वरूप ही आम्हां मामा-मावशांची पायरी. स्वतःच्या आईला जो एका फटक्यात मावशी करून टाकतो, त्याच्या साक्षीवर किती विसंबायचे, हे तूच ठरव.

आता घडले ते क्रमाने सांगतो. माझ्या कन्येचे ड्रायव्हिंग स्कूल तू पाहिलेले आहेस. त्यात रहदारीच्या नियमांचा तास मी घेतो. स्कूलची गाडी पिवळीधमक होती. तिला सारे गाव ‘हळद’ म्हणे. हळद दिसली की ट्रकवाले आपण होऊन बाजू देत, आया मुलांचे हात धरीत, फळवाला गाडा मागे ओढून घेई आणि बसचा ड्रायव्हर मान बाहेर काढून “शिका, शिका, सावकाश शिका!” असा आशीर्वाद देई. गाडीत बसलेला माणूस नवशिका आहे, हे पाटी न वाचताही लोकांना कळत असे. (पाटी वाचली नाही तेच बरे. ‘प्रशिक्षण’ या शब्दात रंगाऱ्याने दोन चुका केल्या होत्या.)

मार्च महिन्यात तुझे चिरंजीव आले, चहा घेतला आणि सल्ला दिला. गाडीला गांभीर्य हवे, म्हणाले. हल्ली करडा चालतो, पांढरा चालतो, चंदेरी चालतो; पिवळी गाडी पुढेमागे विकायला काढलीत तर कुत्रेही विचारणार नाही. विकायची कोणाला होती? पण ताई, अलीकडे लोक गाडी घेतात ती स्वतःसाठी नव्हेच. पाच-सात वर्षांनी ती विकत घेणारा कोणी एक गृहस्थ असतो, त्याला कोणी पाहिलेले नसते, आणि सारे घर त्याच्या आवडीनिवडी सांभाळत बसते. भाडेकरूच्या मामेभावाला रुचेल असा रंग आपल्या स्वयंपाकघराला द्यावा, तशातली गत! आमच्या खिडकीतून खाली पाहिले, तर भांड्यांच्या दुकानातली रांग लावल्यासारखा रस्ता दिसतो. पूर्वी तेथे एखादी लालभडक, एखादी निळीशार, एखादी हिरवीगार गाडी उभी असे. आपल्या भाषेने प्रत्येक रंगाला एकेक जोडीदार दिला आहे, हे तुझ्या ध्यानात आले असेल. काळ्याला कुट्ट दिला, पांढऱ्याला शुभ्र दिला. करड्याला कोणीच दिला नाही. करड्याविषयी याहून अधिक काही बोलावे, असे आजवर एकाही मराठी माणसाला वाटलेले नाही, आणि त्याच रंगात माझ्या कन्येने हळद बुडवली.

त्याचे फळ माझ्या सूनबाईच्या वाट्याला आले. तुला ठाऊकच आहे, ती परिचारिका आहे आणि घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करण्याची नवी नोकरी तिला मिळते आहे; अट एकच, एक जूनपूर्वी गाडीचा परवाना हवा. ती हळदीत शिकू लागली तेव्हा तिचा हात झकास बसत होता. गाडी करडी झाली मात्र, आणि गावाने तिला ओळखच दाखवली नाही. मागून हॉर्न, बाजूने हॉर्न. मोठ्या चौकात तिने तीनदा गाडी बंद पाडली आणि तिसऱ्या वेळी दार उघडून सरळ पायी घरी आली. “बाबा, मी माणसाला न दुखवता सुई टोचते,” ती म्हणाली, “पण मागून हॉर्न वाजला की माझे पाय माझे राहत नाहीत. नोकरीवाल्यांना सांगा, दुसरी कोणीतरी बघा.” परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि परीक्षेच्या मैदानाकडे जाणारा एकुलता एक रस्ता त्या चौकातून जातो.

तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणला. दुकानदाराने विचारले, काय रंगवायचे आहे? मी म्हटले, लोखंड. (यात असत्य काहीही नाही.) तासाभरात वाळेल, असे तो म्हणाला, डब्यावर काय छापले आहे ते मी वाचले नाही, कारण पहिल्याच ओळीतील शुद्धलेखन पाहून माझे मन उडाले. परीक्षेच्या दिवशी पहाटे मी आणि सूनबाई दोघांनी मिळून गाडी रंगवली. कन्या खाली आली, तिने पाहिले, आणि ती इतकेच म्हणाली, “बाबा, ही काय खिडकीची जाळी आहे?” पुसायला वेळ नव्हता. दारांच्या मुठींना वर्तमानपत्र गुंडाळले, सूनबाई स्टिअरिंगवर, कन्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून, आणि मी मागे, असे आम्ही निघालो.

पहिल्याच सिग्नलला एका मोटारसायकलवाल्याने तोल सावरण्यासाठी आमच्या टपावर हात टेकला. हात पिवळा झाला. त्याने तो उंच धरून आधी स्वतः पाहिला, मग साऱ्या रस्त्याला दाखवला. “अहो, ओली आहे ओली! लांब राहा!” ताई, त्यानंतर जे घडले ते मी जन्मात विसरणार नाही. पांढऱ्या, करड्या, चंदेरी, साऱ्या गंभीर गाड्या अंग चोरून बाजूला झाल्या. हॉर्न कोणी वाजवला नाही. वाजवून ही बाई दचकली आणि आपल्याकडे वळली तर, हा विचार प्रत्येकाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. सूनबाईने गिअर टाकला, चौक ओलांडला, गाडी बंद पडली नाही. पलीकडे गेल्यावर ती मोठ्याने हसली. त्या आवाजात मी तिला पूर्वी कधी हसताना ऐकले नव्हते.

एकाच गाडीला ही वार्ता पोचली नव्हती. तिच्या काचा बंद होत्या आणि आत चालक फोनवर कोणालातरी गांभीर्याचे महत्त्व समजावीत होता. तो डावीकडून घुसला, आम्हांला घासला आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या दोन्ही दारांवरून एक पिवळा पट्टा उमटला. पोचा नाही, ओरखडा नाही. याला अपघात म्हणत नाहीत; फार तर संसर्ग म्हणता येईल. काच खाली झाली आणि आतून शब्द आला, “मामा?!”

सर्वांना यथायोग्य सांगावे. गुडघ्यांना जपावे.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. सूनबाई परीक्षा उत्तीर्ण झाली. हे वर लिहायचे राहिले.

आणखी ता. क. वृत्तान्त पूर्ण असावा म्हणून नमूद करतो की परीक्षकाने आमच्या गाडीत बसण्यास साफ नकार दिला. “माझी पँट नवी आहे,” असे तो म्हणाला. परीक्षा शेजारच्या स्कूलच्या गाडीत झाली. ती गाडी करडी होती. यावरून चिरंजीव काही निष्कर्ष काढतील, तर त्यांना एवढेच विचार की मैदानापर्यंत ती कोणत्या गाडीतून पोचली.

शेवटी, त्याच्या मजकुरातील तारखा दुरुस्त करून देतो.

गाडी करडी केली: ‘गेल्या वर्षी’ नव्हे, गुरुवार, ५ मार्च.

चौकातील संसर्ग: ‘मंगळवारी’ नव्हे; शुक्रवार, ८ मे.

गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन रीतसर, भट्टीत भाजून पुन्हा पिवळी केली: याचा त्याने उल्लेखच केलेला नाही, शुक्रवार, १५ मे. त्याच दिवशी दोन नव्या बायकांनी नाव घातले. दोघींनी आधी रंग विचारून घेतला.

सूनबाई नोकरीवर रुजू होणार: ‘बहुधा कधीच नाही’ ही तारीख नव्हे, सोमवार, १ जून.

सूनबाई स्वतः गाडी चालवीत मला तुझ्याकडे घेऊन येणार: रविवार, २४ मे, सकाळी. चिरंजीव दर रविवारी तुझ्या फाटकात गाडी आडवी लावून ठेवतात आणि सूनबाईला गाडी मागे घेण्याचा सराव अजून कमी आहे. रंग आता पक्का आहे, हात फिरवला तरी बोटाला लागत नाही. पण हे त्यांना सोमवारपर्यंत सांगू नकोस.