खिडकीजवळची जागा

जळगाव जामोद

समता पोरी, तुझ्या सासूचा जयभीम अन् पोटभर माया.

माझी तब्येत बरी आहे. पत्र माझा भाऊ सहदेव लिहून राह्यला. अक्षर लागलं नाही तर शिव्या त्याले दे.

इथं दवाखान्यात मनाचा इलाज करणाऱ्या अनुपमाबाई आहेत. गोळी नाही, सुई नाही, नुसतं बोलणं. मी म्हटलं, "एवढं तर माझी शेजारीण फुकटात करते." त्या हसल्या.

बस उलटली अन् आपली सारिका गेली, तेव्हापासून सगळे म्हणतात, विसर. त्या म्हणत नाहीत. जेवढं सांगवते तेवढंच सांगू देतात. श्वास अडकला की थांबवतात, पाय जमिनीवर टेकवायले लावतात. काल मी पुरं सांगितलं. "बस ज्या बाजूले पडली, तिथं खिडकीशी सारिकाले मीच बसवलं."

"तुमची चूक नाही" असं त्या बोलल्या नाहीत. "तिथं का बसवलं?" एवढंच विचारलं.

"माह्या नातीले गाडी लागे. वारा आला की बरं वाटे तिले."

सहा महिन्यांत मी पहिल्यांदा रडली.

तू तिची माय, अन् तुलेच हे सांगितलं नव्हतं. जेवतेस ना वेळेवर? राग आला तर फोनवर नको. इथं ये, समोर बस अन् बोल. मी ऐकून घेईन.

तुझी सासू सिंधू. अंगठा माझाच आहे.