निळी पडणारी अळंबी

खडवली, ४ ऑगस्ट १८८३
नौपाड्याहून निघताना आईने डोळ्यांना पदर लावला, जणू मी काळ्या पाण्यावर चाललो होतो. इथे तर झकास आहे. भातसेकाठी कौलारू बंगली, शिधा मुबलक, आणि काम काय, तर रानातली अळंबी चितारून वहीत प्रत्येकीपुढे ‘खाण्याजोगी’ की ‘विषारी’ ते लिहायचे. मला नेमणाऱ्या गोऱ्या साहेबाला अशी वही हवी आहे. वाटाड्या धाकू पाड्यावरचा. बोलतो कमी, जाणतो पुष्कळ.

७ ऑगस्ट
आज नवी जात सापडली. तपकिरी टोपी, बुटका जाड देठ. इतर अळंब्यांना टोपीखाली पापुद्रे असतात, हिला बारीक भोके. आतून पिवळी, पण चेपली की बघता बघता शाईसारखी निळी पडते. धाकू म्हणाला, ही आमच्या ओळखीची नाही. पाड्याची रीत अशी की, अनोळखी अळंबीला जो खाण्याजोगी म्हणेल त्यानेच पहिला घास घ्यायचा. मला हसू आले. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही, आणि मी अळंबी खाऊ? विषाने चांदी काळी पडते म्हणतात, म्हणून अळंबी उकळत होती त्या हंडीत माझी चांदीची अंगठी टाकली. काळी पडली नाही, म्हणून ‘खाण्याजोगी’ लिहिले. माझ्या वाटचा घास धाकूने घेतला. चव बरी आहे म्हणाला.

११ ऑगस्ट
धाकू काल गेला. तीन दिवस पोटात कळा येत होत्या. आज त्याची बायको सगुणा आली. रडली नाही. उरलेल्या अळंबीचा द्रोण ओसरीवर ठेवून म्हणाली, “भाऊ, पयला घास तुजा. मी थांबते.” मला लाज वाटली. तरी वहीतला शब्द खोडला नाही, साहेब काय म्हणेल या भीतीने. द्रोण नदीत टाकला.

१४ ऑगस्ट
द्रोण रोज सकाळी ओसरीवर असतो. मी रोज फेकतो. सगुणा पायरीशी बसून असते. शिवी नाही, शाप नाही. ओसरीच्या सारवणातून तीच अळंबी उगवली आहे, आता उंबरठ्यापर्यंत. उद्या कल्याणला निघून जाईन.

१५ ऑगस्ट
निघता आले नाही. तळपाय जमिनीला चिकटल्यासारखे — अंगठी काळी ठिक्कर पडली आहे. बोटातून निघत नाही.

१६ ऑगस्ट
मनगट खाजवले. कातडी निघाली. आत पिवळे — मग निळे. दुखत नाही. वहीतले ‘खाण्याजोगी’ खोडले. सगुणाला ओरडून सांगितले, खोडले म्हणून. तिने मान हलवली. आज द्रोण रिकामाच आणला आहे.

१७ ऑगस्ट
ती आत आली. माझा हात धरून अंगठ्याने चेपला, मी अळंबी चेपायचो तसाच. निळा डाग उमटेपर्यंत थांबली. मग शांतपणे म्हणाली, खाण्याजोगा आहे.
रीतीप्रमाणे आता पहिला घास तिनेच —
ती खाली वाक