पाढे म्हणून दाखव

बाबा,

परवा अकोल्यात तुमचं नाव सांगून मी एका घरात शिरले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या नावानं दारं उघडतात. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपल्या घरी कामाला होती ती पोरगी तुम्हाला आठवते का? मेळघाटात सेमाडोहच्याही पलीकडच्या कुठल्याशा गावातली. तुमच्या एका अशिलानं आणून सोडली होती, 'तुमच्याकडं राहील, शिकील' म्हणून. रविवारची सकाळ आहे, बैठकीत तुमची मित्रमंडळी जमली आहेत. आत ती ओट्याला हात पुरत नाही म्हणून पाटावर उभी राहून भांडी घासते आहे. तुम्ही हाक मारता, "इकडं ये वं पोरी. पाढे म्हनून दाखव." ती फ्रॉकला हात पुसत येते, माझाच जुना फ्रॉक, आणि भिंतीकडं बघत चौदाचा पाढा एका दमात म्हणते. टाळ्या पडतात. "पहा, मेळघाटातली पोरगी आहे. मी सोता शिकोलं तिले," असं तुम्ही म्हणता. कोणीतरी म्हणतं, वा, वकीलसाहेब. तुम्ही सुखावता आणि त्याच श्वासात तिला सांगता, "जाय, चहा आन." ती जाते. तिचा चेहरा बघायचं तिथल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाला सुचत नाही.

मी एकदा जेवताना विचारलं होतं, ही माझ्याबरोबर शाळेत का येत नाही? तुमचा हात ताटातच थांबला. "मी घरी शिकवून राहिलो ना तिले? घरच्यासारखी राहते, खाते-पिते. तुले काहून एवढा पुळका?" आई खाली मान घालून वाढत राहिली. ती पोरगी दाराआडच होती, आपली जेवणं आटोपायची वाट बघत. घरच्यासारखी होती, तर आपल्या पंगतीला का नव्हती? हे मी तेव्हा विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत तुम्ही पाहुणे म्हणून आलात आणि मुलांच्या हक्कांवर बोललात. छान बोललात. अंगातला तो कडक इस्त्रीचा सदरा तिनं धुतलेला होता.

मग एका दिवाळीला तिचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. तिच्या कपड्यांची पिशवी द्यायला मी एस.टी. स्टँडवर गेले होते. बाप पाणी आणायला गेलेला. समोर त्यांची परतवाड्याची गाडी उभी, पाटीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. ती मला म्हणाली, "ताई, आमची गाडी कोनती वं?" बाबा, तिला वाचता येत नव्हतं. अक्षर तुम्ही तिला कधी शिकवलंच नाही, कारण अक्षर ओळखणाऱ्या पोरीला बैठकीत टाळ्या पडत नाहीत. त्या स्टँडवर मला पहिल्यांदा तुमची किळस आली, आणि ती मी घरी घेऊन आले.

पुढं अमरावतीला शिकायला गेले, मानवी हक्कांचा अभ्यासक्रम निवडला, तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, पोरगी बापावर गेली. मी रविवारी झोपडपट्टीतल्या मुलांना शिकवायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, कोणाही पोराला पाहुण्यांपुढं उभं करायचं नाही. आता जिथं काम करते त्या संस्थेतले लोक अजूनही मला यावरून खडूस म्हणतात. म्हणोत.

परवा एका घरात लहान पोरगी कामाला ठेवली आहे असं तिथल्या शेजारणीनं संस्थेला कळवलं, म्हणून मी आणि बालसंरक्षण कक्षाच्या मॅडम अकोल्यातल्या त्या फ्लॅटवर गेलो. निवृत्त प्राध्यापक, दाराला साखळी. माझं ओळखपत्र त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि परत दिलं. "असं काही नाही इथं. या तुमी." पोलीस यायला वेळ होता, आणि तेवढ्या वेळात पोरगी मागच्या जिन्यानं कुठंही पोचली असती. मग मी तुमचं नाव सांगितलं. साखळी निघाली. "अरे, वकीलसाहेबाची पोरगी का तू? ये, ये, बस." आणि सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "तुमच्याकडंबी होती ना एक? पाढे म्हनायची. आमी तं साहेबाचं पाहूनच हिले आनलं." मग आत वळून हाक मारली, "बेटा, पाहुण्याले कविता म्हनून दाखव." नऊ-दहा वर्षांची पोरगी ओले हात पुसत आली आणि इंग्रजी कविता म्हणू लागली. भिंतीकडं बघत. कविता संपल्यावर ते टाळ्यांसाठी आमच्याकडं बघत राहिले, चेहरा अगदी तुमच्यासारखा सुखावलेला. आमच्यापैकी कोणीच टाळी वाजवली नाही.

पोलीस आले, कागद झाले, आणि पोरगी आमच्यासोबत अमरावतीच्या बालगृहाकडं निघाली. गाडीत तिनं मला विचारलं, "तिथंबी म्हनून दाखवा लागन का?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नसावा, कारण मूर्तिजापूर येईपर्यंत ती ओठांतल्या ओठांत तीच कविता घोकत होती. विसरली तर काय होतं, हे तिला माहीत असणार.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचणार असतं तर मी लिहिलं नसतं. एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. दारात त्या माणसानं साखळी काढून "वकीलसाहेबाची पोरगी" म्हटलं ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं.